नळाजवळची माती

"त्याला खाली सोडू नकोस," तळमजल्यावरच्या खिडकीतून सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरची चिमी आवारातल्या नळापाशी उभी होती. छातीशी धरलेलं कुत्र्याचं पिल्लू सुटायला धडपडत होतं. कालच घरी आलेलं, पायांच्या काड्या आणि पोट मात्र जंतांनी टरटरलेलं. चिमीची आई मोबाइल समोर धरून फोटो काढायच्या बेतात होती.

"शू करायचीय त्याला," चिमी म्हणाली. "घरात केली की बाबा वैतागतात."

"वैतागू देत. पाय जमिनीला लागता कामा नयेत त्याचे."

चिमीच्या आईने मोबाइल खाली घेतला. "सिस्टर, कालच लसीचा पहिला डोस दिलाय हो त्याला. कार्डसुद्धा केलंय." मग तिने आवाज उतरवला. "तुमचा बंड्या गेला, तुम्हाला किती लागलंय ते दिसतं आम्हाला. पण म्हणून पोरीच्या हौसेवर विरजण कशाला घालता?"

सिस्टर चपला न घालता दारातून बाहेर आल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी तीन पायऱ्या उतरायला भिंत धरायच्या. आज भिंत धरली नाही. तोवर चिमी वाकली होती. पिल्लाचे पुढचे पाय मातीपासून वीतभर वर लोंबकळत होते. सिस्टरांनी ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

चिमी रडायला लागली. पलीकडे कुंड्यांना पाणी घालणारा वॉचमन थबकला.

"अहो, हे काय?" आई म्हणाली.

"इथे नको. याच मातीत बंड्या..." सिस्टरांची नजर वॉचमनकडे गेली.

तीन आठवडे झाले, बिल्डिंगमधलं कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं. त्याने टाकलेलं उंदराचं औषध खाऊन सिस्टरांचा कुत्रा बंड्या मेला, हे सगळे धरूनच चालले होते. सिस्टर तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. "काहीतरी खाल्लं असेल," एवढंच म्हणाल्या होत्या. बाकीचं लोकांनी जोडलं, आणि त्यांनी जोडू दिलं. त्याला ठेवायचं की काढायचं, यावर आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती.

"बंड्या औषधाने गेला नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग?"

"पार्व्होने गेला. कुत्र्यांचा रोग आहे, एकाचा दुसऱ्याला लागतो. तीन दिवस रक्ताचे जुलाब होत होते. रात्री बाहेर आणलं की इथेच बसायचा. मी नुसत्या पाण्याने धुऊन काढलं. पाण्याने तो रोग जात नाही, मातीत महिनोन्‌महिने राहतो. पिल्लाने इथे पाय टेकवून नंतर चाटले, तरी पुरे."

"पण काल त्याचीच लस दिली ना?"

"पहिली. अजून दोन राहिल्यात. त्या होईपर्यंत भरवसा नाही."

"बंड्याला दिल्या नव्हत्या?"

"पहिली दिली होती. पुढच्या राहिल्या."

"राहिल्या म्हणजे?"

"आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिल्या."

बत्तीस वर्षं सिस्टरांनी दवाखान्यात पोरांना लसी टोचल्या होत्या. चिमीचा एक डोस चार दिवस लांबला, तेव्हा दोन जिने चढून वर गेल्या होत्या आणि चिमीच्या आईला सासूसमोर धारेवर धरलं होतं. ते आत्ता आईच्या चेहऱ्यावर आलं, आणि सिस्टरांनी मान खाली घातली.

"चिमे," आई एकदम म्हणाली, "पाय लागला का गं त्याचा खाली?"

चिमी हुंदके देत राहिली.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"एक लागला. हा. थोडासाच."

मागच्या पंज्याला ओली माती लागली होती. पिल्लू मान वळवून तिथे तोंड न्यायला बघत होतं. सिस्टरांनी गाउनच्या टोकाने तो पंजा गच्च गुंडाळून धरला.

"चाटू द्यायचं नाही. साबणाने दोनतीनदा धुवा. तुमच्या चपला घराबाहेरच राहू देत. आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा. मी सांगितलं ते सगळं सांगा त्यांना."

"सगळं?"

"सगळं. माझं नाव विचारलं तर तेही."

आईने पिल्लू रुमालात घेतलं आणि चिमीला पुढे घालून धावत जिना चढली. वरच्या मजल्यावर दार आपटल्याचा आवाज आला.

वॉचमनने पाइप खाली ठेवून नळ बंद केला होता. तो चार पावलांवर येऊन उभा राहिला.

"संध्याकाळी मीटिंग आहे, सिस्टर."

"माहीत आहे."

"मला आत बसू देणार नाहीत. तुम्ही जाणार होतात का?"

गुडघे दुखतात असा निरोप सिस्टरांनी सकाळीच पाठवून दिला होता. "नाही," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. रागावलेला दिसला नाही, नुसता थकलेला दिसला.

चिमीच्या रडण्याने लोक गॅलऱ्यांत जमले होते. कुणाच्या हातात ओला टॉवेल, कुणाच्या तोंडात टूथब्रश. तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी वाकले.

"काय झालं हो, सिस्टर? याने परत काही केलं का?"

सिस्टर नळापासून निघाल्या आणि सगळ्या गॅलऱ्या दिसतील अशा बेताने आवाराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तळपाय चिखलाने भरले होते. त्यांनी वर पाहिलं.

"बंड्याला..." त्या पुटपुटल्या.

"जरा मोठ्याने, सिस्टर," वॉचमन म्हणाला.