घरचं माणूस

“पाणी प्यायलास?”

“प्यायलो.”

“कसलं? बाटलीतलं की चहातलं?”

पलीकडे तो हसला. “आई, तू पोलिसात हवी होतीस.”

“पाठ?”

“ठीक आहे. चाकाला हात टेकून पोटऱ्याही ताणल्या. उस्ताद म्हणतो, ट्रक ढकलतोयस की काय.”

मागून उस्ताद काहीतरी ओरडला. नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला रस्ता शिकवणारा हा जुना ड्रायव्हर आता तिच्याही ओळखीचा झाला होता.

“दुपारी पोचतो,” तो म्हणाला. “जेवायलाच.”

तिने फोन ठेवला आणि टेबलावरचं दुसरं ताट उगाचच पुन्हा पुसलं.

नव्या ड्रायव्हरांना गाडीबरोबर शरीरही सांभाळायला शिकवायचं, असं प्रशिक्षण केंद्राने ठरवलं होतं. तो तास घेणाऱ्या बाई पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. ड्रायव्हर डॉक्टरशी बेधडक खोटं बोलतो, घरी बोलताना मात्र अडखळतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून त्यांनी नियम केला. प्रत्येक थांब्यावर घरी फोन करायचा. घरच्या माणसाने झोप, पाणी, जेवण, पाठ विचारायची. आणि घरचं माणूस ‘थांब’ म्हणालं की थांबायचं. मग साहेब कितीही ओरडो.

ती यात पक्की होती. निम्मं आयुष्य तिने टेलिफोन कचेरीत कानाला हेडफोन लावून काढलं होतं. बोलणारा बसलाय की उभा, जेवलाय की उपाशी, हे तिला ऐकून कळे. सकाळचा फोन झाला की दुपारच्या फोनची वाट बघण्यात तिचा दिवस जाई. एरवी त्या घरात वाट बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली शेजारीण दारातून डोकावली. “पडदे धुतले, फरशी पुसली! कोण मंत्री येतोय?”

“ट्रक ड्रायव्हर येतोय.”

“अगंबाई, लेक! मी आपली नुसते फोनच ऐकते. फोटो तरी दाखवा एखादा.”

“फोटो कशाला? आता प्रत्यक्षच बघा.”

“लग्नाचा आहे ना? माझी एक भाची आहे.”

“आधी त्याला जेवू तर द्या.”

प्रशिक्षणातली ही त्याची शेवटची फेरी होती. माल उतरवून रिकामी गाडी परत नेताना तिच्या घराकडे वळायचं उस्तादाने कबूल केलं होतं. संध्याकाळच्या आत गाडी आगारात जमा करायची होती. उद्यापासून त्याला लांबचा मार्ग मिळणार होता, थेट देशाच्या दुसऱ्या टोकाचा. आज नाही तर पुन्हा कधी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्याविषयी दोघंही बोलले नव्हते.

भाजी शिजत आली आणि फोन वाजला.

“शेवटचा थांबा, आई. इथून सरळ तुझ्याकडे.”

तिचा हात चमच्यावरच राहिला. शब्द नेहमीचेच होते. पण त्यांच्या कडा झिजल्यासारख्या वाटत होत्या.

“रात्री झोपलास?”

“झोपलो गं.”

“थांब्याच्या आधी रस्त्यात शेवटचं काय बघितलंस?”

“बघितलं असेल की काहीतरी,” तो म्हणाला. “झाडं.”

उघड्या डोळ्यांनीही माणूस झोपतो, हे बाईंनी तिलाही शिकवलं होतं.

तिने टेबलाकडे पाहिलं. एक शब्द गिळला असता तर तो जेवायला इथे असता. रस्ता सरळ होता. उजेड होता. उस्ताद शेजारी होता.

“थांब,” ती म्हणाली.

“आई, आज नको. आत्ता झोपलो तर मग गाडी तडक आगारातच न्यावी लागेल.”

“माहीत आहे मला.”

“मी यायला नकोय का तुला?”

तिने आधी स्वतःचा आवाज सरळ केला. “गाडी सावलीत लाव. खिडकी थोडी उघडी ठेव. उस्तादांना फोन दे.”

“बोला, हायकोर्ट,” उस्ताद म्हणाला.

“झोपू द्या त्याला. हलवून उठवू नका.”

“मीच चालवली असती हो. पण शेवटच्या फेरीत मी स्टिअरिंगला हात लावला, तर पोरगा नापास.”

“म्हणूनच झोपू द्या.”

फोन बंद झाला. त्याने निरोपही घेतला नव्हता.

तिने भाजीवर झाकण ठेवलं. स्वतःचं ताटही तिने वाढून घेतलं नाही.

शेजारीण पुन्हा खाली आली. “आला नाही?”

“झोपलाय. वाटेत.”

“आईकडे येताना झोप कशी लागते बाई कुणाला?”

दुपार कलली. उठल्यावर फोन करायचा हाही नियमच होता. फोन आला नाही. तिने फोन उचलून चालू आहे की नाही ते पाहिलं. तो चालू होता. म्हणजे रागावलाच. रागावू दे, तिने स्वतःला बजावलं. रागावलेला माणूस निदान जागा असतो. मग तिने दुसरं ताट उचलून आत नेलं.

दिवेलागणीला घंटी वाजली.

दारात तो उभा होता. खाली ट्रक नव्हता. गाडी जमा करून तो बसने, उभ्याने आला होता. शर्ट पार चुरगळला होता, डोळे मात्र ताजे होते. एवढं धावतपळत येऊनही त्याने उंबरठ्यावर पाऊल टाकलं नाही. त्याने दारावरचा क्रमांक पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा क्रमांक पाहिला. ती तर त्याच्याकडे बघतच राहिली होती.

“माफ करा,” तो चाचरत म्हणाला, “मला घरचं कोणी नाही म्हणून बाईंनी ज्यांचा नंबर दिला होता, त्या आई तुम्हीच का?”