समुद्रकमळाचं पिल्लू

"सर, तुमचं हे समुद्रकमळ म्हणजे वेगळी प्रजाती नाही. दुसऱ्याच प्रजातीचं पिल्लू आहे," नाझनीन चाचरत म्हणाली.

हळदणकर सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खोल समुद्रात देठावर डोलणारा हा फुलासारखा प्राणी त्यांनी तरुणपणी वेगळा ओळखला होता. त्याला दिलेलं नाव हीच त्यांची आयुष्यभराची कमाई. पण त्याच्या इवल्या देठाचे मण्यांसारखे तुकडे दुसऱ्या, मोठ्या समुद्रकमळाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या, त्याच्या लहानपणी बनलेल्या मण्यांशी तंतोतंत जुळत होते.

"माझ्या प्रबंधातून हे वगळते, सर."

"खबरदार वगळलंस तर!"

परिषदेत तिने ते मांडलं, तेव्हा एका पाहुण्याने विचारलं, "ही घोडचूक केली कुणी?" नाझनीनची मान खाली गेली.

मागच्या रांगेतून सर उठले. "मी केली," ते ताठ मानेने म्हणाले, "आणि ती पकडणारी ही मुलगी माझी विद्यार्थिनी आहे."