छपराची खूण

सासूबाईंनी पुन्हा एकदा सहाच्या आकड्यावरची छपरासारखी खूण दाबली, मग एक्स दाबला आणि चष्मा सरसावून पाहिलं. अर्जाच्या तळाशी, 'आपली विश्वासू'च्या खाली, आणखी एक छप्पर आणि आणखी एक एक्स उमटला. अशा आता सात जोड्या झाल्या होत्या.

"काय म्हणावं या यंत्राला!" त्या पुटपुटल्या. काळ्या पडद्याच्या तळाशी चांगलं ठळक लिहिलं होतं. छप्पर, एक्स, पुढे 'बाहेर'. छप्पर, ओ, पुढे 'लिहा'. लिहा? मग सकाळपासून त्या काय करत होत्या?

एकतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून काढलेली बाई. साहेबांचं बोलणं संपायच्या आत यांचा कागद तयार. चुकलं तर खोडायचं नाही, कागद ओढून काढायचा आणि नवा चढवायचा, ही जन्माची सवय. त्यामुळे रोज अडकल्या की त्या कोपऱ्यातली फुली दाबून ती काळी खिडकी बंद करत. मजकूर गेला म्हणजे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. आजचा अकरावा दिवस होता.

यंत्र म्हणजे सुनेचा जुना लॅपटॉप. "आई, यात चित्रं नाहीत, भानगड नाही, नुसती अक्षरं. तुमचा टाइपरायटरच समजा," असं म्हणून तिनेच ते समोर आणून ठेवलं होतं. एक शब्द टाइप करून एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा हा साधा प्रोग्राम, कसा उघडायचा, तेवढं शिकवलं होतं. कचेरीतल्या आठवणी लिहितेय, असं सासूबाईंनी तिला सांगितलं होतं. ती चक्क थाप होती.

त्या अर्ज लिहीत होत्या, शहराबाहेरच्या वृद्धाश्रमाला. मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी चालून आली आणि "आईंना सोडून कशी येऊ?" म्हणत तिने ती फोनवर नाकारली, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पस्तिशीची पोर. माहेरचंही कोणी उरलेलं नाही. आपण तिच्या पायातली बेडी झालोय, हे त्यांच्या मनाला फार लागलं. आश्रमात एक खोली रिकामी होती आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अर्ज पोचायला हवा होता. पेन धरलं की बोटं थरथरायची. बटणांवर मात्र ती अजून पळत. एकदा अर्ज यंत्रात ठेवला गेला की कोपऱ्यावरचा छपाईवाला तो कागदावर काढून देणार होता. घोडं अडलं होतं ते ठेवण्यापाशी.

आश्रमात प्रवेश फक्त निराधारांना. म्हणून दुसऱ्याच ओळीत लिहावं लागे, 'मला कोणी नाही.' एवढी सराईत बाई, पण ते तीन शब्द अकरा दिवसांत एकदाही एका दमात टाइप झाले नाहीत.

परवा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "ती छपराची खूण कशाची गं?"

"ती होय? असते आपली शोभेला," सून ताटातून मान वर न करता म्हणाली.

सासूबाई चक्रावल्या. ऑफिसातली वीस-वीस यंत्रं सांभाळणारी ही बाई, आणि हिला एक खूण माहीत नाही? काल त्यांनी पुन्हा विचारलं, तर "फुली दाबा की, आई, सगळे तेच करतात," म्हणून ती कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेली. एवढ्या हुशार पोरीचं हे काय झालंय, तेच त्यांना कळेना.

आज शुक्रवार. चार वाजून गेले होते. शेवटी त्यांनी हाक मारली. सून आतल्या खोलीतलं काम टाकून आली आणि दारातच थांबली. सासूबाईंनी घाईघाईने पडद्यावर वर्तमानपत्र टाकलं.

"आज मला हे ठेवायचंच आहे. तू वाचायचं नाहीस. नुसतं बटण सांग."

"सांगते. पण दुसऱ्या ओळीतलं ते वाक्य आधी काढा, आई."

"कुठलं वाक्य?"

"मला कोणी नाही, ते."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा तर झाकलेला. आणि फाडून टाकलेला कागद कोणी वाचतं का?

"फुली दाबली म्हणून मजकूर जात नाही," सून म्हणाली. "खिडकी अशी अचानक बंद केली की हा एडिटर तो आपणहून एका फाइलीत ठेवून देतो. पहिल्याच संध्याकाळी मला दिसला. दहा अर्ज आहेत माझ्याकडे. खालची छपरं सोडली तर एकातही चूक नाही."

"म्हणजे तुला बटण ठाऊक होतं?" सासूबाईंचा आवाज चढला. "अकरा दिवस मी इथे वेड्यासारखी झगडतेय आणि तू माझी मजा बघत होतीस?"

सून आत आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. तिचे डोळे भरले होते.

"छप्पर म्हणजे कंट्रोलचं बटण. ते धरून ठेवायचं आणि अक्षर दाबायचं, बस. पण सांगितलं असतं तर तुमचा अर्ज गेला असता, आई. आणि मग ते वाक्य मला लिहावं लागलं असतं."