पायाकडून वर

अक्षताने हातमोजा चढवला आणि बोटं हलवून पाहिली. काचेपलीकडच्या टबात रोबोटच्या हातानेही तशीच बोटं हलवली. तिने मूठ केली, त्यानेही केली. नकल्या नुसता!

टबात करडी पूड पसरली होती, चंद्रावरच्या मातीसारखी मुद्दाम दळून आणलेली. तीत ठिसूळ खडे. एकही न फोडता सगळे वेचून डब्यात ठेवायचे, तेही ठरलेल्या वेळेत. माणसं पुन्हा चंद्रावर उतरायच्या आधी तिथे जाऊन असलेच खडे वेचणारा हात हवा होता, आणि तो हात त्यांचा पवईचा की इटलीचा, हे आज ठरणार होतं. भिंतीवरच्या पडद्यावर चार देशांची माणसं बसली होती. घड्याळ जपानच्या मोरीसानांकडे होतं.

"नक्की करशील ना?" सौरभने विचारलं. दोघांनी मिळूनच हा हात बांधला होता. "नाहीतर मी करतो. सुतकात आलीयेस, कोणी काही बोलणार नाही."

"मोजा माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली.

सकाळी मुलुंडहून निघताना काकीने दारातच अडवलं होतं. "बापूस जाऊन चार दिस नाय झाले, खंय चललंस गो?" काकीचं तरी काय चुकलं? पण घरी बसून अक्षता कुठले दिवे लावणार होती? रडायला बाकीचे होते. हिला रडूच येत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, डोळ्यांत पाणी नाही. सगळं अंग बधिर.

"सुरू," मोरीसान म्हणाले.

हात टबाच्या खालच्या टोकाला गेला. पहिला खडा पुडीतून उचलला आणि डब्यात अलगद टेकवला.

"अगं, अंगठा आणि पहिलं बोट ठरलंय ना!" सौरभ कुजबुजला. "करंगळीशेजारचं बोट काय वापरतेस?"

तिने ऐकलंच नाही. एक खडा, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. डब्यात ठेवताना टक् असा आवाजसुद्धा नाही. पडद्यावरचा इटलीचा माणूस खुर्ची पुढे ओढून बघायला लागला.

परवा स्मशानात राख सावडायला तीच उभी राहिली होती. एकुलती एक लेक, दुसरं कोण राहणार? भटजी सांगत गेले, अस्थी उचलायच्या त्या अंगठ्याने आणि अनामिकेने. आवाज होऊ द्यायचा नाही. पायाकडून वर यायचं, डोकं शेवटी. तिने निमूट केलं होतं. आता बोटं तेच करत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटचा खडा राहिला. टबाच्या वरच्या टोकाला, सगळ्यांत मोठा. हाताने तो उचलला, डब्यावर आणला आणि थांबला.

"सोड," सौरभ म्हणाला. हात मिटलेलाच. "अक्षता, सोड ना यार! वेळ चाललीय, वाट लागेल आपली!"

ती सोडतच होती. बोटं उघडेनात.

पडद्यावर मोरीसान उठून उभे राहिले.

"घड्याळ मी थांबवलंय," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "आमच्याकडेही घरची माणसं असंच वेचतात. पायाकडून. डोकं शेवटी." मग हळूच विचारलं, "कोण गेलं?"



"बाबा," अक्षता म्हणाली.

काचेपलीकडे खडा धरलेला हात थरथरायला लागला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तीही बघत होती. काही बिघाड झाला की काय, असं वाटून तिने खाली आपल्या मोज्याकडे पाहिलं.