सतरावा वाफा

पन्नास दिवस पाणी तोडल्यावर चाचणीतल्या चाळीसपैकी एकोणचाळीस वाफे करपून गेले. सतरावा मात्र हिरवागार, कणसांनी लगडलेला.

"जिंकलं की मॅडम तुमचं वाण!" शेतावरचे मामा म्हणाले. "दाणेही गोड आहेत. चार दिवस झाले, येता-जाता तोंडात टाकतोय."

"मामा, चाचणीचं पीक खातात का?" मॅडमनी हसत दटावलं आणि कुठल्या वाफ्यात कुठलं वाण आहे, त्या यादीचं सीलबंद पाकीट फोडलं.

सतरासमोर लिहिलं होतं, 'तुलनेसाठी रिकामा. काहीही पेरलेलं नाही.'

त्यांच्या घशाला कोरड पडली. "मामा, जरा पाणी द्या."

मामांनी आपली बाटली पुढे केली. भर दुपारीही ती काठोकाठ भरलेली होती.

"सगळं प्या. मला चार दिवसांत तहानच लागलेली नाही."