आईला कोण टोचणार?

सूनबाई नर्स आहे. रोगी स्वतः तपासून औषध लिहून देता यावं म्हणून तिला पुढची पदवी हवी होती. एक कॉलेज घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकवणारं, दुसरं परगावचं, रोग्यांच्या उशाशी उभं करून शिकवणारं. तिने दुसरंच निवडलं. मुलगा पानावर बसत म्हणाला, “घरबसल्याचंच घे. परगावी गेलीस तर आईला रोज इन्सुलिन कोण टोचणार?” सूनबाईने परगावच्या कॉलेजचा अर्ज घडी करून ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मेल्या, आयतं ताट तुला हवं आणि आजारपण माझं पुढे करतोस?” फ्रिजमधलं इन्सुलिनचं पेन काढलं, रोजच्या डोसचा आकडा लावला आणि दोघांदेखत पोटात खुपसलं. मुलाने तोंड फिरवलं. सूनबाई डोळे पुसत म्हणाली, “आई, लगेच काढू नका. दहा मोजा.” शाळेत मी दहापर्यंत मोजायलाच शिकलेय. मुलाकडे बघत मोठ्याने दहा मोजले, सुई उपसली. “आता दुसरी अडचण सांग.”