शालनची ओळ

चहा निवून गेला तरी मयेकर खिडकीशी हसत बसले होते.

"काल स्वप्नात तुझी आई गुडघाभर पाण्यात उभी होती," ते मुलीला म्हणाले. "जन्मात कधी पायावर लाट घेतली नाही तिने, आणि हसत काय होती!"

केतकीने स्वप्नयंत्राचा पडदा उघडला. बायको गेल्यापासून मयेकर रोज संध्याकाळी त्यावर साध्या मराठीत स्वप्न मांडून ठेवत, आणि रात्री तेच त्यांना पडे. 'घर' लिहून त्याखाली चहा, झोपाळा, शालन. 'समुद्र' लिहून त्याखाली वारा, होडी.

"बाबा, आईची ओळ तुमच्या हातून खाली घसरली. घरातली आई समुद्रात गेली. म्हणून म्हणते, नवं यंत्र घेऊ. त्यात यंत्रच सगळं मांडतं; आपल्याला ते वाचता येत नाही, पण असले घोळही होत नाहीत. थांबा, तिला जागेवर आणते."

"नको," मयेकरांनी तिचा हात धरला. "राहू दे तिला तिथेच."

मग ते पडद्याशी वाकले. 'घर'खाली चहा होता, झोपाळा होता; त्यापुढची तिची जागा रिकामी होती.

"पाण्यातून दमून येईल ती," असं पुटपुटत त्यांनी तिथे सावकाश लिहिलं: मी.